बाकावर बसलेल्या बाई

तापलेल्या रेडिओचा धुळकट वास आला की मला ग्वाल्हेरची आमची मराठी शाळा आठवते. संस्थान विलीन झालं आणि विज्ञान हिंदीतून शिकवायचा हुकूम आला. ज्या शिक्षकांना जमणार नाही त्यांनी घरी बसावं, असंही त्यात होतं. आमच्या विज्ञानाच्या बाईंची हिंदी बाजारापुरतीच होती. त्यांनी घरचा रेडिओ टांग्यातून शाळेत आणला, विज्ञानाचा हिंदी पाठ लावला आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "मुलींमध्ये बसणं शोभतं का तुम्हाला?" मुख्याध्यापकांनी दारातूनच विचारलं. "शिकवायचं मलाच आहे ना, सर? मग आधी शिकून घेते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. महिन्याभरात त्या फळ्यापाशी उभ्या राहून हिंदीतून शिकवू लागल्या. आज म्हातारपणी मी टॅबवर संस्कृतच्या वर्गाला शिकायला बसते, आणि अडलं की सगळ्यांसमोर विचारते.