पट्ट्यापाशी चाळीस मिनिटं

मुंबईच्या विमानतळावर उतरलो आणि सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो. विमानातले सगळे तिथे थांबले होते, म्हणून मीही थांबलो. आमच्या वर्ध्याकडची ही सवय आहे. चार माणसं ओळीत दिसली की आधी मागे उभं राहायचं, ओळ कशाची आहे ते मग विचारायचं. पट्टा सुरू झाला. बॅगा आल्या, आंब्याच्या खोक्यासारखी दोन खोकी आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक लहान मुलाची सायकल आली. लोक आपापलं उचलून निघून गेले. शेवटी एक निळी बॅग तेवढी गोल गोल फिरत राहिली. तीही कुणीतरी धावत येऊन नेली आणि पट्टा बंद पडला. मी उभाच.

ट्रॉल्या गोळा करणारा एक माणूस जवळ आला. "काका, तुमची बॅग कशी होती? रंग कोणता?"

"बॅग नाही," मी म्हणालो.

"मिळाली नाही?"

"नाही म्हणजे... दिलीच नव्हती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या छातीशी दोन्ही हातांनी धरलेल्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. "मग थांबलात कशाला?"

याला काय सांगणार? घड्याळात दोन वाजायला आले होते. चाळीस मिनिटं मी दुसऱ्यांच्या बॅगा बघण्यात घालवली होती, आणि त्या दिवशी माझ्यापाशी उधळायला चाळीस मिनिटं नव्हती.

डब्यात माझ्या बायकोच्या काचा होत्या.

तिच्या छातीत गाठ निघाली होती. सावंगीच्या दवाखान्यात त्या गाठीचा तुकडा काढून तपासला. तपासलेला तुकडा म्हणजे बोटाएवढ्या काचांवर लावलेले जांभळे डाग. अशा आठ काचा, आणि उरलेला तुकडा मेणात बसवलेले दोन ठोकळे. डॉक्टर म्हणाले, "मला दिसतंय ते दिसतंय. पण यावर मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची नजर पडू द्या. त्यावरून ऑपरेशन केवढं करायचं ते ठरेल." ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली होती. मुंबईच्या रिपोर्टला आठ दिवस लागतात. तिथली खिडकी शुक्रवारी चार वाजता बंद होणार, मग सोमवार धरून तीन दिवस सुट्टी. म्हणजे शुक्रवार हुकला की तारीख हुकली, आणि पुढची तारीख महिन्यानंतर. काचा हातात पडल्या गुरुवारी दुपारी. रेल्वेचं तिकीट मिळेना. तेव्हा बायकोच म्हणाली, "विमानानं जा."

"तू नाही येत?"

"मी कायले? मी त्या काचेत आहो ना."

काचा कशात न्यायच्या यावर आमच्या घरी बराच खल झाला. मी म्हणालो, वर्तमानपत्रात गुंडाळू. ती तशीच उठली, देवघरातली डबी काढली. आमची शेती वडनेरला आहे, धाकटा भाऊ करतो. दरवर्षी वेचणीच्या पहिल्या दिवशीचा ओंजळभर कापूस तो हिच्याकडे पाठवतो. ही सरकी काढून तो देवाच्या वातींसाठी ठेवते. वर्षभर दुसरा कापूस वातीला चालत नाही. तो सगळा कापूस तिने डब्यात अंथरला, एकेक काच त्यात निजवली, वरून पुन्हा कापूस.

"अगं, हा देवाचा आहे."

"देवाले दुसरा आणू. देवाचं काई फुटत नाई."

नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने डबा उघडायला लावला. "ये क्या है?"

"कापूस."

"कापूस के अंदर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बीवी."

तो दचकला. मी घाईघाईने डॉक्टरांचं पत्र काढून दिलं. त्याने ते सावकाश वाचलं, झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि डबा दोन्ही हातांनी मला परत दिला.

तर असा मी, मुंबईच्या पट्ट्यापासून धावत सुटलो. खिशात बायकोची चिठ्ठी होती. तिने स्वतः मुंबई पाहिलेली नाही. पण गुरुवारच्या एका संध्याकाळीच सावंगीच्या नर्सबाईला विचारून, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या डॉक्टरकीच्या पोरींना विचारून, तिने विमानतळापासून दवाखान्यापर्यंतचा सगळा रस्ता वहीच्या पानावर लिहून दिला होता. 'उतरल्यावर पाणी पेजा. जो माणूस आपणहून जवळ येऊन टॅक्सी टॅक्सी करते त्याच्यासंग जाऊ नोका. आतच खिडकी आहे, तिथून टॅक्सीची पावती फाडून घेजा. डबा मांडीवर ठेवजा, डिक्कीत नाई.' पट्ट्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिला वाटलं असेल, एवढं तर या माणसाला कळेल.

पाणी प्यायलो नाही. पावती फाडली, नंबर शोधत शोधत टॅक्सीपाशी पोचलो. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, पिकल्या मिशांचा. मी दवाखान्याचं नाव सांगितलं. त्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "सायन से लूँ या माहिम से?"

आता आली का पंचाईत! चिठ्ठीत सायनही नव्हतं आणि माहिमही नव्हतं. मला एवढंच ठाऊक की शहराच्या मधोमध जायचं. वर्ध्यात कुणी विचारलं तर मी सांगेन, बसस्टँडवर उतर, समोर जा, झालं, तू शहराच्या मधोमध आहेस. मी बायकोला फोन लावला. "ते विचारतात, सायन का माहिम?"

ती म्हणाली, "अजून विमानतळावरच आहा का तुम्ही?"

"हो."

"काऊन?"

"थोडा उशीर झाला."

"ड्रायव्हरले फोन द्या."

दिला. तो ऐकत राहिला. मधून मधून "हाँ भाभी, जी भाभी" एवढंच. फोन परत देताना त्याचा आवाज खाली आला होता. गाडी सुरू झाली. मग तो म्हणाला, "भाभी ने दो काम बोला. चार के पहले पहुँचाने का, और झटका नहीं देने का. मुंबई में दोनों एक साथ कैसे होगा, साहब?"

पण त्याने केलं. खड्डा दिसला की तो लांबूनच गाडी हळू करायचा, मागचे भोंगे वाजवायचे, आणि हा हात बाहेर काढून त्यांना थांबवायचा, जणू आत बाळंतीण बसली आहे. खड्डा सरला की पुन्हा वेग. मी डबा मांडीवरून उचलून अधांतरी धरला, म्हणजे धक्का बसलाच तर तो माझ्या कोपरांना बसावा. दहा मिनिटांत हात भरून आले. मी बाहेर पाहत होतो. उंच इमारती, पुलाखालची बिऱ्हाडं, पुन्हा इमारती. मी दर वीस मिनिटांनी विचारायचो, "शहर कधी येईल?" दोनदा त्याने हसून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "साहब, आप एक घंटे से शहर में ही हो."

साडेतीनच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे पुलाचं काम चाललं होतं. पाच मिनिटांत आम्ही एक गाडीभर पुढे सरकलो. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "अब पैदल जाओ. सीधा, फिर बायें. दस मिनट. मैं गाड़ी छोड़के नहीं आ सकता, नहीं तो आता."

मी उतरलो. छातीशी डबा, त्यावर दोन्ही हात, असा मी भर दुपारी मुंबईच्या रस्त्यातून पळत होतो. माझं पळणं हा घरात चेष्टेचा विषय आहे. पोट आधी जातं आणि पाय मागून येतात, असं माझी मुलगी म्हणते. त्यातून पडायची भीती. मी पडलो तर गुडघा फुटेल याची नाही. मी पडलो तर डबा कोणत्या हातात ठेवायचा, हाच विचार.

दवाखान्याच्या अलीकडे फुटपाथवर माणसंच माणसं बसली होती. चटया, बोचकी, पाण्याच्या बाटल्या, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. दवाखान्यात आपलं माणूस आहे आणि राहायला जागा नाही, अशी ही बिऱ्हाडं. मी कुणाला तरी विचारलं, काचा द्यायची खिडकी कुठे आहे? त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. पलीकडून एक बाई म्हणाली, "कुठले जी तुम्ही?"

कानात तो आमच्याकडचा 'जी' पडला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. "वर्ध्याचा."

"आमी यवतमाळचे. या मोठ्या दरवाज्यानं जाऊ नका, तिथं लय लाइन आहे. त्या झाडापासून आत जा, उजव्या हाताले जिना आहे. काचा ना? मी मालकाच्या काचा देल्या तिथंच." मग माझ्या डब्याकडे बघून हळूच विचारलं, "कोनाच्या?"

"बायकोच्या."

"जा, जा. पोचता तुम्ही."

झाड, उजवा हात, जिना. चारला सात मिनिटं कमी असताना मी खिडकीपाशी उभा होतो. आतल्या मुलीने डबा उघडला. कापूस बाजूला करत तिने एकेक काच काढून उजेडात धरली. मी मोजत होतो. एक. दोन. पाचव्या काचेला कापसाचा एक तंतू चिकटला होता, तो तिने नखाने काढला. आठ. दोन ठोकळे. एकही तडा नाही.

"इतका चांगला कापूस कुठून आणलात?" तिने विचारलं.

"शेतातला आहे."

तिने पावती दिली, डबा माझ्याकडे सरकवला. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. "आठ दिवसांनी कॉम्प्युटरवर येईल. तुमच्या डॉक्टरांनाही दिसेल. नेक्स्ट."

मी बाजूला झालो आणि तसाच उभा राहिलो. डब्याला आता काहीच वजन नव्हतं, पण माझे हात अजून तसेच छातीशी धरलेले होते. मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं तुमचं." हो, झालं होतं. जिना उतरून बाहेर आलो. ती यवतमाळची बाई लांबून पाहत होती. मी पावती वर धरून दाखवली. तिने दोन्ही हात जोडले, मला नाही, वर कुठेतरी.

त्याला आता दोन वर्षं होतील. रिपोर्ट वेळेत आला, ऑपरेशन ठरलेल्या तारखेला झालं, आणि पुढचं सबंध वर्ष सावंगीच्या फेऱ्या करण्यात गेलं. हे लिहितो आहे तेव्हा ती समोर बसून तूर निवडते आहे. केस पुन्हा आले आहेत, पहिल्यापेक्षा थोडे कुरळे. मी काय लिहितो आहे हे तिला माहीत आहे आणि तिने डोकावून पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते रिपोर्टच्या आदल्या संध्याकाळचं. वडनेरहून भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आली होती. घरात सगळे हळू बोलत होते, पोरंसुद्धा. ते काही मला सहन होईना. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. मी सांगायला सुरुवात केली. पट्टा कसा फिरत होता, बॅगा कशा येत होत्या, शेवटची निळी बॅग माझ्याकडे कशी बघत होती. ट्रॉलीवाल्याची नक्कल केली. उठून उभा राहिलो, स्वयंपाकघरातला एक डबा छातीशी धरला आणि बंद पट्ट्यापुढे उभा असलेला मी करून दाखवला. भाऊ म्हणाला, "दादा, तू तं पह्यलेपासून असाच! लग्नातही चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन बसलता." वहिनी पदराने डोळे पुसत हसत होती. पोरांनी ते पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. कितीतरी दिवसांनी आमचं घर मोठ्याने हसलं. बायकोही हसली. पण तिची नजर माझ्या हातातल्या डब्यावर होती.

मंडळी अंगणात गेली, मी डबा ठेवायला आत आलो. ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातातून डबा घेऊन फळीवर ठेवला. मुंबईहून परत आलेला कापूस तिने देवघराच्या डबीत भरून ठेवला होता. त्यातलाच थोडा घेऊन ती दिव्याची वात वळायला बसली. वळता वळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या लेकरांले सांगतलं ते ठीक आहे. पण तुमाले मालूम होतं ना, आपली ब्याग नाई म्हणून."

खरं सांगायचं तर मला मालूम होतं की नाही हे मलाच मालूम नव्हतं. एवढं आठवत होतं की पट्टा फिरत होता तोवर काचा माझ्यापाशी होत्या आणि कुणीही अजून त्यात काही पाहिलेलं नव्हतं.

तिने वात निरांजनात ठेवली, तेलात बोट बुडवून तिचं टोक सारखं केलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"उद्या डॉक्टरच्या दारापाशी असे उभे राहू नका जी. माह्यासंग आत येजा."