पाट्यांचे बुश

जीपच्या पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांच्या, टोकाला रबराचे बुश असतात. खड्ड्याचा दणका तेच झेलतात. आज माझ्या लेकीने, नंदाने, अंगणात जॅक लावून जुने बुश ठोकून बाहेर काढले. एक मी हातात घेऊन दाबला. लाकडासारखा टणक झाला होता.

ह्यांना जाऊन महिना झाला. मी रडले नाही. बायका म्हणतात, मनात कोंडू नका. कोंडायला काही असावं तर लागतं. मला भूक लागते, झोपही लागते. दणका बसला एवढं कळतं, आत काही पोचत नाही. नंदाला याचीच धास्ती आहे. ती सासरी परत जात नाही, रोज माझं तोंड बघते.

नवे बुश बसले. "बोल्ट आवळू का गं?" तिने गाडीखालून विचारलं.

"गाडी जॅकवर असताना? बापाने हेच शिकवलं का? आधी चाकं टेकव. लोंबकळत्या गाडीत आवळलंस तर रबर पिळून फाटेल."

"चुकलं, मास्तरीणबाई."

तिने गाडी उतरवली. आवळताना हे मला स्टिअरिंगपाशी बसवायचे. गाडीवर माणसाचा भार हवा, म्हणायचे. मी न सांगता चढून बसले. काचेवर धूळ होती. खाली पाना करकरला आणि थांबला.

"आई, रडतेस का गं?"

"नाही," मी म्हणाले. "बसलेय. तू आवळ."