जागेपणीचं दुखणं

आमच्या दवाखान्यातल्या भूलतज्ज्ञ मॅडम पेशंटला कधीच ‘थोडं सहन करा’ म्हणायच्या नाहीत. मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर, रोज बघायची. स्टूल ओढून त्या विचारायच्या, “दुखतंय कसं? जळतंय, टोचतंय, का करंट मारल्यागत?” उत्तर पुरं होईस्तोवर उठायच्या नाहीत.

पन्नाशी उलटल्यावर त्या वेदना-उपचारांचं खास शिक्षण घ्यायला वर्षभर बाहेरगावी निघाल्या. बाकीचे डॉक्टर हसले. “या वयात परत वही-पेन?”

मॅडम म्हणाल्या, “वीस वर्षं माणसं झोपवली. जागेपणी दुखतंय त्याचं काय?”

तिथं निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसल्या. परीक्षेत एकदा नापास झाल्या, पुन्हा बसल्या, पास होऊनच परत कोल्हापूरला, आमच्या दवाखान्यात आल्या.

आल्यावर पहिली पेशंट आजऱ्याची, काजू कारखान्यातली बाई. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. गालाला वारा लागला तरी किंचाळायची, म्हणून चार वर्षं तोंडावर पदर. एक्स-रेच्या पडद्यावर बघत मॅडमनी गालातून सुई थेट त्या नसेच्या मुळाशी नेली आणि नस बधिर करणारं औषध सोडलं. त्यांचा हात हलला नाही. घाम मला फुटला.

तासाभरानं मॅडमनी स्वतः टेबलफॅन उचलून आणला आणि तिच्या तोंडासमोर लावला. मी डोळे गच्च मिटले.

“अवो मॅडम, वारं आलं तरी दुखंना की!” बाई ओरडली. पदर खांद्यावर पडला होता. “वाढवा की अजून!”

मॅडमनी फॅन फुल केला, डोक्यावरची थिएटरची टोपी काढली आणि तिच्या शेजारी कॉटवर बसल्या. मग दोघी वाऱ्यात तोंड धरून मोठमोठ्यानं हसत राहिल्या.