सडा न पडलेले दार

सर्वप्रथम एक गोष्ट नमूद करतो. या सदरातले अनुभव मी नियमित वाचत आलो आहे. पण भीतीची हौस म्हणून नव्हे, तर त्यांतल्या कथनातल्या उणिवा काढण्यासाठी. रायपूरच्या कचेरीच्या आवारात मी अनेक वर्षे अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत – परंतु माझ्या मसुद्यात वकीलसाहेबही सहसा फेरफार करीत नाहीत. साक्षीदार नाही, जागेचा तपशील नाही, अशी हकीकत घेऊन कोणी आला तर मी त्याला परत पाठवतो. भूत, करणी, भानामती यांवर माझा कधीही विश्वास नव्हता. आज आहे, असेही म्हणवत नाही… जे पाहिले ते क्रमाने मांडतो.

माझी सासुरवाडी जुन्या रायपुरात, भोसल्यांच्या काळापासून स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या एका अरुंद गल्लीत होती. गल्लीला गोल दगडांची फरसबंदी होती आणि दारे समोरासमोर. राज्य वेगळे झाले, रायपूर राजधानी झाले आणि रस्ता रुंद करताना ती गल्ली गेली. हरकतीचे सर्व अर्ज माझ्या हातचे होते. ते फेटाळले गेले, यात मसुद्याचा दोष नव्हता. घरे पाडली, दगड ट्रॅक्टरमध्ये भरून नेले. शेजारी जिकडे जागा मिळाली तिकडे पांगले.

सासूबाई आणि माझा धाकटा मेहुणा प्रकाश पंडरीच्या बाजारामागे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी व माझी पत्नी सुनंदा तेव्हा शहराच्याच गुढियारी भागात राहत होतो. नव्या जागेत सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. जेवण मात्र कमी होत होत अर्ध्या पोळीवर आले. बाई अशाच जातील, हे आम्हाला दिसत होते.

प्रकाश अविवाहित, वय चाळीसच्या पुढे. नव्या रायपूरकडच्या बिल्डरांना तो इमारतींची मॉडेल्स करून देत असे – पांढऱ्या इमारती, गुळगुळीत रस्ते, खेळण्यातल्या मोटारी. आईसाठी त्याने आपली गल्ली करायला घेतली. मोठ्या प्लायवूडवर पुट्टीचा थर दिला आणि तो ओला असतानाच रिकाम्या रिफिलच्या टोकाने एकेक दगड कोरला. वर राखाडी रंग. मग काही दगड निळसर, काही तांबूस. सासूबाईंनी पहिल्यांदाच भिंतीकडची मान वळवली.

“काहून रे, इतका कोरा रस्ता कोणाचा होता? आपल्या गल्लीत काय कोणी चालत नव्हतं?”

“थांब ना आई, करून राहिलो,” प्रकाश म्हणाला. “तिकडे बिल्डर म्हणते, भैया, एक डाग नको दिसायला. आन् इथं तू म्हणते, डाग टाक.”

“टाक. डागाबिगर माणसं राहत असतात काय?”

नव्या वस्तूला जुनी करणे, याला त्यांच्या धंद्यात वेदरिंग म्हणतात. त्याने काळपट रंगाचे पातळ पाणी सोडले. ते दगडांच्या फटींत जाऊन बसले. वरचे फडक्याने टिपले. जवळजवळ कोरड्या ब्रशने दगडांचे माथे उजळ केले, जेथे पाय पडून दगड झिजले होते. नालीच्या कडेला शेवाळ, भिंतीलगत विटांची भुकटी. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसत आणि चुका दाखवत. त्या नादात अर्ध्या पोळीच्या दोन झाल्या.

“दारापुढचे दगड काळे पाहिजे,” एके दिवशी त्या म्हणाल्या. “रोज सडा पडत होता तिथं. दगड पाणी पिऊन काळे झाले होते.”

प्रकाशने प्रत्येक दारापुढचे दगड गडद केले. सुनंदाने सहज विचारले, “आई, मी कोण्या दारातली?”

“तू गुढियारीची. लग्न झालं तुझं. या दारात आता आम्ही दोघंच, मी आन् प्रकाश.”

सुनंदा हसली.

मॉडेल पूर्ण झाल्यानंतर काही दिवसांनी प्रकाशचा फोन आला. “भाऊजी, जरा येऊन जा. दारापुढचे दगड ओले होऊन राहिले.”

मी गेलो. दारांपुढचे गडद ठिपके खरोखर ओले होते. बोट लावले तर बोटाला पाणी लागले. प्रकाशला चिंता वेगळीच होती. “पुट्टी आहे ही. पाणी लागलं तर फुगते, पापुद्रे निघते. इथं काहीच नाही झालं.” दुपारपर्यंत दगड आपोआप वाळले. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओले.

मी रीतसर तपासणी केली. छत कोरडे, भिंत कोरडी, कूलर दूर. मॉडेलवर काचेची पेटी ठेवली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि त्यावर स्वतःची सही केली. खोलीला कुलूप लावून किल्ली गुढियारीला आणली. सकाळी सुनंदासमक्ष कुलूप उघडले. सही जशीच्या तशी, काचेवर वाफेचा थेंब नाही. आत प्रत्येक दारापुढे सडा पडलेला.

सासूबाईंना याचे काही वाटले नाही. “सकाळ झाली ना जवाईबापू, मंग सडा नाही पडणार काय?”

एका सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, “देशकरांकडे आज सडा नाही पडला.”

पाहिले तर बाकी सर्व दारे ओली, गल्लीतले जुने शेजारी देशकर यांचे तेवढे कोरडे. याचा अर्थ आपल्या घरांत सांगावा लागत नाही – घरात कोणी गेले, गमी झाली की त्या दारी सडा-रांगोळी होत नाही. मी विषय बदलला. दुपारी निरोप आला की देशकरांच्या म्हाताऱ्या काकू गेल्या. तेराव्यापर्यंत ते दार कोरडेच राहिले. चौदाव्या सकाळी पुन्हा ओले.

काकूंचे वय झाले होते, म्हणून मी तो योगायोग ठरवला. पण पुढे मोघ्यांचे दार कोरडे पडले. मोघे पती-पत्नी सुखरूप होती. प्रकाशने मुद्दाम निमित्त काढून फोन केला होता. संध्याकाळी कळले की त्यांचा मोठा मुलगा पुण्याला अपघातात गेला. गल्ली सोडली तेव्हा तो कॉलेजात होता, नंतर तो या शहरात राहिलाही नाही. दगडांनी मात्र त्याला त्याच दारात धरले होते.

त्यानंतर मी स्पष्ट सांगितले की हे मॉडेल घरात नको. प्रकाशने ते उचलून गॅलरीत ठेवले. सासूबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. सकाळचे ताट परत गेले, रात्रीचेही गेले. तिसऱ्या दिवशी त्याने ते परत आणले.

“काय करू भाऊजी? हे पाहून मरन का न पाहता मरन, तिले एकच. पाहून जेवते तरी.”

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, त्या आता दगडांची नुसती चकाकी पाहून प्रकाशला विचारत, “आपल्या दारापुढे पडला काय रे सडा?” तो म्हणे, “हव आई, पडला.” मगच चहा.

मग ती सकाळ आली. प्रकाशने आईला ऐकू जाऊ नये म्हणून जिन्यात उभे राहून फोन केला. “ताईले घेऊन या. आपलं दार कोरडं आहे.”

आम्ही पोहोचेपर्यंत त्याने उपाय केला होता. मॉडेलमध्ये पाणी दाखवण्यासाठी चकाकणारे व्हार्निश वापरतात. त्याने ते बारीक ब्रशने आपल्या दारापुढच्या दगडांवर फिरवले होते. दगड इतर दारांपेक्षाही अधिक ओले दिसत होते.

“पडला काय रे सडा?”

“पडला आई. पाह्य ना, चमकून राहिला.”

सासूबाईंनी चहा घेतला. सुनंदा त्यांचा हात धरून बसली, मी दाराशी. डॉक्टरांना बोलावले. नाडी चांगली, छाती स्वच्छ. रक्तदाब किंचित वाढला होता, त्यासाठी त्यांनी एक गोळी लिहून दिली. सासूबाई वैतागल्या. “आज काय माझं लग्न आहे काय? सारे काहून जमले?”

प्रकाश हसला. म्हणाला, “गोळी घेऊन येतो. ताई, हिच्याजवळून हलू नको.” आणि खाली उतरला.

आम्ही हललो नाही. दुपार टळत आली तरी तो वर आला नाही, तेव्हा मी खाली गेलो. समोरच्या औषधाच्या दुकानापुढे लोक जमले होते. तो पायरीवर भिंतीला टेकून बसलेला होता. दुकानदार मला ओळखत होता. म्हणाला, “भैया गोली लिए, बोले थोड़ा बैठता हूँ. हम समझे धूप लगी है.” प्रकाशच्या अंगात जीव नव्हता, गोळ्यांची पट्टी खिशात होती. त्याला पूर्वी कधी साधा दम लागल्याचेही आमच्या ऐकिवात नव्हते.

दिवसभर आम्ही तिघे ज्या एका जीवावर पहारा देत होतो, तो जीव सुखरूप होता. त्या दारात दोन माणसे आहेत, हे सासूबाईंनी आमच्यासमोर सांगितले होते. आम्हा तिघांपैकी कोणालाही ते आठवले नाही… त्यालाही नाही.

ही घटना होऊन आता बराच काळ लोटला. आम्ही गुढियारीचे बिऱ्हाड मोडून सासूबाईंजवळ राहायला आलो आहोत. इतर दारांपुढचे दगड अजूनही सकाळी ओले होतात, दुपारी वाळतात. आमच्या दाराची चकाकी तेवढी वाळत नाही. व्हार्निशखाली काय चालले आहे, हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही. ते उतरवायला सुनंदाने एकदा थिनरची बाटली आणली होती. सासूबाईंनी वासानेच ओळखले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्यानं टाकलेला सडा आहे तो.”

मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. हकीकत कितीही लांब असली तरी शेवटी कोणाकडे काय मागायचे, हे मला ठाऊक असते. येथे ते सुचत नाही. एका अभियंत्याला विचारले, एका पुरोहितालाही विचारले. दोघांनीही विषय बदलला.

सासूबाई जेवतात. रोज सकाळी चाचपडत मॉडेलपाशी येतात, आपल्या दारापुढच्या दगडांवर बोट टेकवतात आणि ते बोट अंगठ्यावर घासून पाहतात. बोट कोरडे असते, हे मला पलीकडून दिसते.

“ओलं आहे,” त्या म्हणतात, आणि सुनंदा चहा ठेवायला जाते.