साधी गाठ

मृत्यू जवळ आला की माणसाला आयुष्याचा अर्थ उमगू लागतो. मला खाज सुटली. तळव्यांना, पोटऱ्यांना, पाठीला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. पाठ मी दाराच्या चौकटीला घासायचो. डोळे पिवळे झाले तेव्हा नागपूर गाठलं. पित्तनलिकेत गाठ निघाली.

"दिसते तर कॅन्सरसारखीच," डॉक्टर म्हणाले, "पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

ऑपरेशनला तीन आठवडे होते. डॉक्टरांचं वाक्य माझ्याआधी आमच्या गावी, आर्णीत पोचलं. त्याचा उत्तरार्ध वाटेत गळाला.

आमच्याकडे मरणाच्या वाटेवरच्या माणसाला काय खावंसं वाटतं ते विचारतात आणि आणून देतात. तहसील कचेरीत असताना ज्यांचे अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवले, तेही डबे घेऊन आले. पाटवडी, पुरणपोळी, वडाभात. शेजारी तांड्यावरून येऊन राहिलेला एक शेतकरी आहे. तो रोज यायचा.

"काकाजी, कायले लाजता? मनात काही ठेवू नका."

"अरे, मला तेलतूप बंद आहे."

"आता कायचं बंद!" म्हणत त्यानं पोळीवर तूप ओतलं. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मी खाल्लं नाही, म्हणून त्यानंच समोर बसून संपवलं. घरात दुसऱ्या कुणाच्या जेवणाचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. ते तीन आठवडे मी मजेत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

गाठ काढली, तपासली. कॅन्सर नव्हता. घरी आलो तसा शेजारी आला.

"म्हणजे काहीच नव्हतं काय?"

"गाठ होती. साधी होती."

"मंग एवढं पोट कायले फाडलं?"

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, हे मी समजावलं. "चांगलं झालं, काकाजी," तो म्हणाला, अगदी मनापासून. सोयाबीनची पेरणी सुरू होती. तो गेला. नंतर कुणी आलं नाही. बऱ्या माणसाकडे कशाला येतील? दुपारी कडी वाजल्यासारखी वाटायची. टाके सांभाळत उठायचो. वारा असायचा.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. यंत्रानं माझा अंगठा ओळखला नाही. उद्या या, म्हणाले.