लाकडी रॅकेटचा जमाना

पेणच्या आमच्या क्लबात टेनिसचं कोर्ट एकच, पण डोकं फिरायला कारणं रोज नवी. मी शाळेत खेळाचा मास्तर. कोर्टावर तोंड दाबून बसतो, त्यामुळे किस्से पोटात साठत जातात.

पाच ते सात कोर्ट मेंबरांचं. डॉक्टर आणि वकील वीस मिनिटं खेळतात, मग रॅकेटी नेटला टेकवून बाकावर बसतात. नेटला रॅकेट टेकली की कोर्ट भरलं, हा आमच्याकडचा कायदा! पुढे सातपर्यंत वाद एकच: लाकडी रॅकेटच्या जमान्यातले खेळाडू मोठे की नंतरचे. डॉक्टर लाकडीवाले, वकील नंतरच्यांचे. तोवर गडब गावची माझी विद्यार्थिनी रेवती, वय पंधरा, चेंजिंग रूमच्या भिंतीवर बॉल मारत असते. सातला कोर्ट रिकामं होतं, तेव्हा तिच्या एसटीची वेळ झालेली असते.

एकदा डॉक्टर पोटतिडकीने म्हणाले, हल्लीची पोरं नेटजवळ येतच नाहीत, मागूनच धोपटत राहतात, या पिढीचं काही खरं नाही. अहो, जिला नेट लांबूनच बघायला मिळतं ती नेटजवळ येणार कशी? हे मी तेव्हा बोललो नाही. त्याचा अजून स्वतःवरच राग येतो.

मग रोह्याची स्पर्धा. डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही चौघे गेलो. रेवती पहिल्याच राउंडला हरली, नेटजवळचे सगळे बॉल नेटमध्ये. परतताना कोलाडला मिसळ खायला थांबलो आणि तिथे डॉक्टर-वकिलांची त्याच वादावरून जुंपली. वकिलांनी रागाने मिसळ अर्धी टाकली. गडब येईपर्यंत पोरीला कोणी स्कोअरसुद्धा विचारला नाही. उतरताना ती मला हळूच म्हणाली, "सर, मी हरले ते यांना ठाऊक हाय ना?"

त्या दोघांना तिथेच गाडीतून उतरवावंसं वाटलं. पण गाडी डॉक्टरांची होती.

आता पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, म्हणून गेल्या मंगळवारी मी तोंड उघडलं आणि तिच्यासाठी कोर्ट मागितलं. डॉक्टर हसले. लाकडी रॅकेट हातात दिली तर या मुलांना एक सर्व्हिस जमायची नाही, म्हणाले.

"द्या ना काका, खेळते मी," रेवती म्हणाली.

डॉक्टरांनी घरून रॅकेट मागवली. वाकू नये म्हणून अजून चौकटीत स्क्रूने आवळून ठेवलेली. ठरलं असं: रेवतीकडे लाकडी, डॉक्टरांकडे तिची नवी, दहा पॉइंटचा टायब्रेक. ती जिंकली तर महिनाभर पाच ते सात कोर्ट तिचं. वकील अंपायर.

रेवतीने मॅच दहा-चार मारली. शेवटचा पॉइंट तर नेटजवळ येऊन.

डॉक्टर घाम पुसत हातातल्या नव्या रॅकेटकडे बघत राहिले. मग वकिलांना म्हणाले, "लाकडी हातात असल्यावर कोणीही जिंकेल हो. ही मॅच धरायची नाही."