आचरेकरबाईंच्या परातीतला लवू

१९८४ साली मरोळच्या चाळीत एक बातमी पक्की होती. आचरेकरबाई भरदुपारी दार लोटून परातीत पाणी घेतात, वर कुंकू सोडतात आणि समुद्रात गेलेल्या भावाला, लवूला, बोलावतात. शेजारच्या धोंडिरामनं तर परातीतून आलेलं उत्तरही ऐकलं होतं. स्वतःच्या बायकोची हाक मात्र त्याला कधी ऐकू गेली नाही, ते सोडा.

खरं एवढंच, की निवृत्त झालेल्या बाई परातीत भूगोल शिकवत. विद्यार्थिनी एकच, समोरची अनुपमा. भूगोलापायी तिची दहावी अडली होती. बाप दशरथ संपात गिरणीतली नोकरी गमावून साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर लागलेला. त्यानं बजावलं होतं, "ऑक्टोबरला परत उडालीस तर सरळ पॅकिंगच्या टेबलावर. बोलून ठेवलंय मी."

त्या दुपारी बाईंनी टेबलफॅन परातीच्या एका कडेवरून सोडला. कुंकू सरकलं, समोरच्या काठाला थटलं आणि दुसऱ्या बाजूनं परत आलं.

"वारा ढकलतो, काठ वळवतो. कळलं? पण आपला समुद्र लहरी. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा. वारा फिरला की प्रवाह उलटा."

फॅन पलीकडे नेला. कुंकू घुटमळलं, मग उलटं फिरू लागलं. अनुपमाला वाटलं, कुणीतरी खालून बोटानं ढवळतंय.

बाई चहा टाकायला आत वळल्या, तेवढ्यात अनुपमाची आई रुक्मिणी पाय न वाजवता आली. पोरगी झपाटली जाऊ नये म्हणून तिनं दहीभाताचा उतारा आणला होता. तो टाकायचा तिठ्यावर. पण हिनं विचार केला, भूत परातीत, तर उतारा तिठ्यावर कशाला? द्रोण सरळ पाण्यात सोडला आणि दाराआड उभी राहिली.

बाईंनी येऊन द्रोण पाहिला. रागावल्या नाहीत. "बरं झालं. जहाज नव्हतंच आपल्याकडे."

इतक्यात फ्यूज उडाला. पंखा थांबला. खोलीत वाऱ्याची झुळूकही नाही, आणि द्रोण मात्र फिरतच राहिला.

"बाई, वारा नाहीये..." अनुपमा परातीपासून मागे सरकली.

"वारा मेला म्हणून पाणी लगेच थांबत नाही गं. लवू ऑगस्टमध्ये जहाजावरून पडला. दहा वर्षं झाली. तेव्हा प्रवाह त्याला पूर्वेकडे, मग खाली दक्षिणेला नेणार. डिसेंबरात सगळं उलटतं. सहा महिने तो लांब जातो, सहा महिने परत येतो."

द्रोण मंदावला, बाईंच्या गुडघ्यासमोर काठाला लागला आणि थांबला.

"आला," बाई हळूच म्हणाल्या.

दाराआडून किंकाळी आली. "चल गो बाय, ऊठ आधी!" रुक्मिणीनं पोरीला ओढत नेलं. शिकवणी बंद. पेपर आठ दिवसांवर.

ते आठ दिवस अनुपमानं पुस्तक उघडलं की ओळी फिरायच्या. पेपरात प्रश्न आला : उत्तर हिंदी महासागरातील प्रवाह ऋतूनुसार दिशा का बदलतात? वर्गात आंबट दह्याचा वास आला. उत्तरपत्रिकेवर द्रोण फिरायला लागला, आणि तो जिथून जाईल तिथून ती लिहीत गेली. पुरवणी मागून घेतली.

डिसेंबरात निकाल लागला. पास! दशरथनं पॅकिंगवाल्याला निरोप धाडला, पोरगी येत नाही. रुक्मिणी पेढे घेऊन बाईंच्या दारात आली, पण उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. कोपऱ्यात परात भरलेली होती, बाहेर वारा ईशान्येचा.

"बाई," ती कुजबुजली, "लवूदादा अजून येतत काय हो, परातीत?"

बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "येतो, पण फक्त शिकवणीच्या वेळेला. तूही बस की, रुक्मिणी. तुझी दहावी राहिलीय ना अजून?"